मंगलाची उंची दोन इंचांनी कमी कशी झाली

आमच्या जीपमधून जाताना चार माणसं जायची आणि येताना चार माणसं आणि पाच-सहा किस्से यायचे. रिपोर्टात त्यातला एकही लिहिता यायचा नाही. तिथं आपलं "मुलींचा प्रतिसाद समाधानकारक" एवढंच. उरलेला सगळा माल माझ्याकडे पडून राहिला, आणि आता घरी कुणी चहाला बसलं की मी सुरू होते. नवरा आतून ओरडतो, "निघाली हिची जीप!"

निघू दे. तुम्ही ऐका.

सुरतेत प्लेग येऊन गेला ना, त्याच्या लगेच पुढचा ऊसतोडीचा हंगाम. आमचं ऑफिस पर्वत पाटियाजवळ, एका साड्यांच्या गोडाउनच्या वरच्या मजल्यावर. एका ट्रस्टचं काम होतं. बारडोलीच्या बाजूला खानदेशातून ऊस तोडायला कुटुंबंच्या कुटुंबं येतात. शेताच्या कडेला पाचटाच्या झोपड्या घालून सहा-सात महिने राहतात. त्यांच्यातल्या वयात आलेल्या मुलींचं वजन, उंची आणि रक्त तपासायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, खाण्यापिण्याच्या चार गोष्टी सांगायच्या. ऐकायला किती सरळ! त्या सहा महिन्यांत मला सरळ असं काही कळलंच नाही.

पुढच्या सीटवर डॉक्टर हंसाबेन. पक्क्या सुरती, पन्नाशीच्या, आवाज असा की त्यांनी हाक मारली की मुलींच्या आधी मुलींचे बाप उठून उभे राहायचे. मागे सोनवणे, लॅब टेक्निशियन. डिंडोलीत राहायचे, मूळचे अमळनेरकडचे, म्हणून अहिराणी नीट येणारा आमच्यातला एकच माणूस. गाडी चालवायला कनुभाई. आणि रजिस्टर सांभाळायला मी, सुधा. माझे वडील रेल्वेत, मी सुरतेतच वाढले, घरी आमची सोलापूरकडची मराठी. अहिराणी मला निम्मी कळायची. उरलेली निम्मी कळल्यासारखं मी दाखवायचे.

*

पहिल्याच दिवशी पडावावर जीप थांबली आणि मुकादम आडवा आला. त्याला सगळे नाना म्हणायचे. डोक्याला मुंडासं, हातात छत्री.

"कुठून आले?"

"सुरतेहून," कनुभाई ऐटीत म्हणाले.

नाना चार पावलं मागे सरकला. "सुरतेत रोग आहे. आमच्या पोरींचं रक्त तपासता? आधी तुमचं तपासा!"

हंसाबेनचा पारा चढला. "मी डॉक्टर आहे!" तरी नाना हलेना. मग त्या अचानक म्हणाल्या, "वात तो साची छे एनी," म्हणजे बोलतोय ते खरं, आणि स्वतःचं बोट पुढे केलं.

आता प्लेग काय असा बोटातून कळतो? पण बोलायचं कुणी? सोनवण्यांनी आपली लाकडी पेटी उघडली, काचेची नळी काढली, आणि सगळ्या पडावाच्या साक्षीनं आम्हा चौघांच्या बोटांना सुया टोचल्या. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. बाईच्या अंगात रक्त बारा ग्रॅम तरी हवं, असं आम्ही सगळीकडे सांगत फिरायचो. कनुभाई पुरुषमाणूस, त्यांचं चौदाच्या वर. सकाळी डाळीचा तेलकट लोचो आणि संध्याकाळी भजी, तरी चौदाच्या वर! हंसाबेन बारा. सोनवणे तेरा.

माझं आठ!

सोनवण्यांनी ते हळूच सांगायला हवं होतं की नाही? चांगलं मोठ्यानं वाचलं. नानानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बाई, आणलेल्या गोळ्या आधी तुम्ही घ्या. आमच्या पोरींचं मग बघू."

घेतल्या मी. हंसाबेननी तिथंच, सगळ्यांच्या समोर घ्यायला लावल्या.

*

त्याच संध्याकाळी मुली शेतातून परत आल्या. नानानं यादी दिली होती, तेरा नावं. मी खाली मान घालून एकेक नाव पुकारायचं, मुलीनं "हाँ" म्हणायचं, सोनवण्यांनी बोट धरायचं. वजनाला काटा होता. उंचीला मात्र आमची खास पद्धत होती. भिंत कुठून आणणार? कनुभाईंनी जीपच्या मागच्या दारावर पांढऱ्या रंगानं फुटाच्या नि इंचाच्या रेघा मारल्या होत्या. मुलगी दाराला पाठ लावून उभी राहायची, की झाली उंची.

शेवटचं नाव मंगला. सोनवण्यांनी नळी उजेडात धरली. खाली घेतली. पुन्हा धरली.

"पाच," ते म्हणाले, आणि या वेळी हळूच म्हणाले.

हंसाबेननी मला बाजूला घेतलं. "सुधाबेन, या पोरीचं काय ते आत्ताच बघायचं. हंगाम संपला की हे लोक गावी जातील. लग्नं कधी असतात यांच्यात?"

"आखाजीला," सोनवणे म्हणाले. आखाजी म्हणजे आपली अक्षय तृतीया. खानदेशात मोठा सण.

"आखाजीला हिचं लग्न झालं आणि दिवस राहिले, तर बाळंतपणात ही वाचायची नाही. पाच ग्रॅमवर कुणी वाचत नाही. त्याच्या आत हिच्या अंगात रक्त आलंच पाहिजे."

मी रजिस्टरात लिहिलं: मंगला, चार फूट दहा, पाच. त्याखाली लाल रेघ मारली. सकाळी स्वतःच्या आठावर मी सगळ्यांबरोबर हसले होते.

*

दोन आठवड्यांनी सुरतेच्या दवाखान्यात मंगलासाठी खाट ठरवून आम्ही गेलो. तिला न्यायचं म्हणून. नेण्याआधी हंसाबेन म्हणाल्या, एकदा बघून घ्या. मी पुकारलं, मंगला. बोट आलं. सोनवण्यांनी टोचलं.

साडेआठ!

"असं होत नाही," हंसाबेन म्हणाल्या. "दोन आठवड्यांत गोळ्यांनी असं कधीच होत नाही."

"झालंय तर खरं," सोनवणे म्हणाले. त्यांनी नळी धुऊन पुन्हा केलं. पुन्हा साडेआठ. मग मागच्या वेळी चुकलं का? सोनवणे रुसले. वीस वर्षांत त्यांचं असं चुकलं नव्हतं म्हणे.

खाट आम्ही सोडून दिली. आठ तर माझंही होतं, आणि मी नाही का जीपमधून हिंडत? परत येताना कनुभाईंनी बारडोलीला थांबून सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी मंगलाच्या नावानं दोन ग्लास प्यायले. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

*

आमचा एक फॉर्म होता. त्यात एक प्रश्न: दिवसातून किती वेळा जेवता?

सगळ्या मुलींचं एकच उत्तर. तीनदा. सकाळी? हो. दुपारी शेतात? हो. रात्री? हो. मी टकाटक खुणा करत सुटले. हंसाबेन चक्रावल्या. तीन वेळा जेवणाऱ्या पोरींच्या अंगात रक्त का नाही? जंत असतील, जंताच्या गोळ्या दिल्या. पाणी वाईट असेल, पाणी तपासलं. काही म्हणून पत्ता लागेना.

एकदा जीप लवकर पोचली. मुली शेतातून यायच्या होत्या. मी एका झोपडीसमोर चुलीजवळ जाऊन बसले. तेरा-चौदा वर्षांची पोरगी भाकरी थापत होती, कडेला धाकटं भावंड. बाप आला, जेवला. दोघे भाऊ जेवले. आई आली, भावंडाला पाजत पाजत तिनं दोन घास खाल्ले. पोरीनं तवा उतरवला, टोपल्यात एक अर्धी भाकरी होती, ती झाकून ठेवली.

"ही कुणाला?"

"सकाळी बापाला. लवकर जावं लागतं."

"आणि तू?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच वेडी. "मी तर केली ना!"

मी फॉर्म उघडला. तीनदा, तीनदा, तीनदा. त्या पोरी घराचं सांगत होत्या. जेवण घरात तीनदा होतं की नाही? होतं! मग झालं तर. स्वतःचं वेगळं सांगायचं असतं, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. मी ऑफिसात जाऊन सगळे फॉर्म टेबलावर आपटले आणि रडले. हंसाबेननी पाणी दिलं, आणि वर म्हणाल्या, "रडून घ्या, पण फॉर्म पुन्हा भरावे लागतील."

*

फॉर्म भरून पोट भरत नाही, म्हणून मी एक आयडिया काढली. ती माझीच, मान्य आहे. ज्या मुलीचं वजन मागच्या वेळेपेक्षा वाढेल, तिला शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट. गूळ, दाणे, सगळं पौष्टिक. शिवाय मुलींना गोडी लागेल.

लागली की! पुढच्या वेळी तेरापैकी अकरा जणींचं वजन वाढलं. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वाढलं. एकेकीचं दोन-दोन किलो! हंसाबेन खूष. मी तर हवेतच. रिपोर्टात सविस्तर परिच्छेद लिहायला घेतला.

कनुभाई एकटेच मान हलवत होते. "बेन, आपल्या बारडोलीची म्हैस पण एवढं वजन नथी वाढवती."

"तुम्ही गाडी चालवा," मी म्हटलं.

तिसऱ्या वेळी एक मुलगी काट्यावर चढली. चढताना कमरेशी धरून धरून चढली. काटा बघून मी "वा!" म्हटलं. ती उतरली आणि धप्पकन काहीतरी खाली पडलं. हंसाबेनच्या पायापासून वीतभर.

वरवंटा!

परकराच्या नाडीला बांधला होता. मग एकेकीची तपासणी केली. दगड निघाले, लोखंडी कुलूप निघालं, एकीनं तर उसाची कांडकी पाठीला बांधून आणली होती. मुली हसून हसून लोळत होत्या, आणि हंसाबेन, ज्या कधी हसत नाहीत, त्या तोंड फिरवून जीपच्या मागे गेल्या.

जिचा वरवंटा पडला, तिला मी रागानं विचारलं, "एवढी कसली गं चिक्कीची हाव?"

"धाकट्या बहिणीला नेते," ती म्हणाली. "तिचं नाव तुमच्यात नाही."

मी ते ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं. त्याच वेळी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी वरवंट्याच्या रागात होते. चिक्की मात्र त्या दिवसापासून सगळ्यांना दिली, वजन वाढो नाही तर न वाढो.

*

गोळ्यांची गंमत वेगळीच. आम्ही पुड्या देत होतो, पुड्या संपत होत्या, रिकामे कागद मुली परत आणून देत होत्या. शिस्त अशी की बघत राहावं. रक्त मात्र जिथल्या तिथं.

हंसाबेनना वाटलं, गोळ्याच खराब. पेटी बदलली. मग वाटलं, चहाबरोबर घेतात, म्हणून लागू पडत नाहीत. चहावर भाषण झालं. शेवटी सोनवण्यांनी एका मुलीला अहिराणीत गोडीगोडीनं विचारलं, आणि चेहरा पाडून परत आले.

"मॅडम, बैलाला घालतात."

"शुं?"

पडावावर सहा-सात बैलगाड्या होत्या. ऊस त्यांनीच कारखान्यापर्यंत न्यायचा. अंगात ताकद येते, थकवा जातो, असं आम्हीच तर घसा कोरडा करून सांगितलं होतं! मग ताकदीची गरज कुणाला जास्त? घरी विचार करून निर्णय घेतला गेला. गोळ्या पेंडीच्या गोळ्यात घालून बैलाला.

हंसाबेन नानावर अशा बरसल्या की पडावातली कुत्रीसुद्धा गप्प झाली. "जनावराला? पोरींच्या तोंडचं काढून? लाज नाही वाटत?" नाना छत्री टेकून ऐकत राहिला. पंधरा मिनिटांनी हंसाबेन दमल्या. घाम पुसला. मग जरा जवळ जाऊन, आवाज खाली आणून विचारलं,

"पण काही फरक पडला?"

"पडला ना!" नाना म्हणाला. "पांढऱ्याची तर कातडी बघा, कशी चमकते!"

हंसाबेन खरंच बघायला गेल्या. त्यानंतर गोळी आमच्यासमोर गिळायची, असा नियम केला.

*

आणि मंगला? मंगला आमचं भूषण होती. पाच, साडेआठ, मग दहा. सगळ्या पडावात एकटीचंच रक्त वाढत होतं. हंसाबेन रजिस्टर उघडून नुसत्या तिच्या ओळीकडे बघत बसायच्या. "आ केवी रीते बने?" हे कसं होतं, त्यांना कळेना. ही बैलाला देत नाही का? हिची आई वेगळं काही खायला घालते का? तीच भाजी दुसऱ्यांना सांगू या!

फेब्रुवारीत गेलो. मंगला. बोट. सहा!

दहावरून सहा? सोनवण्यांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, "मॅडम, मी राजीनामा देतो."

"थांबा," हंसाबेन म्हणाल्या. "सुधाबेन, उंची घ्या." उंची का, ते मला कळलं नाही, पण मी मुलीला जीपच्या दाराशी उभं केलं आणि रेघ वाचली. चार फूट आठ. रजिस्टरात चार फूट दहा.

रक्त कमी होतं, समजलं. उंची कशी कमी होईल?

मी पहिला संशय कनुभाईंवर घेतला. "टायरमध्ये हवा जास्त भरलीत का? गाडी वर उचलली असेल, रेघा वर गेल्या असतील."

कनुभाई असे संतापले! "गाडी दोन इंच वर यायला टायर फुटून जाय, बेन! जमीन बघा तुमची!" मग जमीन बघितली. जीप पुढे घेतली, मागे घेतली, सपाट जागेवर आणली. चार फूट आठ. सोनवणे म्हणाले, केस कापले असतील. हंसाबेन म्हणाल्या, पाठीला बाक आलाय का बघा. आम्ही चार शिकलेली माणसं, त्या पोरीभोवती गोल फिरत होतो, आणि एकानंही तिला विचारलं नाही की बाई गं, तू कोण?

शेवटी तीच कंटाळली. "मी जाऊ का? भाकरी टाकायची आहे. उद्या दुसरी येईल."

"दुसरी कोण?"

"दुसरी मंगला."

*

नानाला बोलावलं. त्याला आमची पंचाईत कळेचना.

त्याचं म्हणणं असं. तोडणीत दोन माणसांचा मिळून एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून गाडीपर्यंत न्यायची. यादी गावीच होते. मंगला आणि तिचा बाप, असा एक कोयता यादीत लागला. पण निघायच्या आठ दिवस आधी मंगलाचं लग्न झालं आणि ती सासरी राहिली. बाप एकटाच आला. मग त्याच्या जोडीला रोज कोण? पडावात यादीबाहेरच्या पाच मुली होत्या. घरी पोरं सांभाळायच्या, स्वयंपाक करायच्या. त्या आळीपाळीनं जायच्या. जी ज्या दिवशी जाईल, ती त्या दिवशी मंगला.

"हजेरी कोयत्याची असते बाई, पोरीची नसते," नाना म्हणाला. "वही घेऊन कुणी नाव पुकारलं, की ज्याचं काम करतो त्याच्या नावानं हाँ म्हणायचं. तुम्ही पण वही घेऊनच आले होते!"

मला घेरी यायची बाकी राहिली. म्हणजे मंगला पडावात कधी नव्हतीच. ज्या पाच मुली आम्ही मोजायला हव्या होत्या, त्या पाचही आमच्या रजिस्टरात नव्हत्या. एकाच नावावर कधी ही, कधी ती. आणि चेहरे? डोक्याला फडकं, अंगावर एकाच ताग्यातले झंपर, संधिप्रकाश. पण ही कारणं झाली. खरं सांगू? आम्ही चेहरे पाहिलेच नव्हते. सोनवणे बोट बघायचे, मी वही बघायचे, हंसाबेन नळी बघायच्या.

"आणि ती पाचवाली?" हंसाबेन म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "पहिल्या दिवशीची? तीन महिने झाले. ती कोण?"

नानाला आठवत नव्हतं. तोवर अंधार पडला होता, नळीतला रंग दिसेना, आणि बाकीच्या चौघी तपासायच्या राहिल्या.

*

आता शेवटचा. दोन्ही मुली पुढे बऱ्या झाल्या, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर दर वेळी कुणीतरी मध्येच विचारतं आणि माझी लय जाते. कोण दोघी, ते ऐका.

दवाखान्यात पुन्हा खाट मिळवली. एकच मिळाली. रक्ताच्या दोन बाटल्या हव्या होत्या, त्याच्या बदल्यात दोन माणसांनी रक्त द्यायचं. कनुभाईंनी आदल्या दिवशी दिलं आणि सगळ्या पर्वत पाटियाला सांगितलं. सोनवणे त्या दिवशी द्यायला गेले. त्यामुळे पडावावर आम्ही गेलो ते सोनवण्यांशिवाय आणि त्यांच्या पेटीशिवाय. थांबायला वेळ नव्हता. ऊस संपत आला होता, पडाव कधीही हलला असता. नानानं एकच मुलगी सोडायचं कबूल केलं होतं. "मंगलाला न्या. दुसरी मागू नका."

पाचही मुली ओळीनं उभ्या होत्या. हंसाबेननी एकेकीची खालची पापणी ओढून पाहिली. लाल कुणाचीच नव्हती. सगळ्या पांढऱ्या.

मग त्यांना उंची आठवली. पहिल्या दिवशी चार फूट दहा! पाचही जणींना जीपच्या दाराशी उभं केलं. तिघी खाली राहिल्या. दोघी बरोबर चार-दहाच्या रेघेवर. एक तारा, एक बायजा. ताराची मान ताठ, बायजा दाराला टेकली होती ती टेकूनच राहिली.

"पहिल्या दिवशी रक्त कुणाचं घेतलं होतं?" मी विचारलं.

बायजा खाली बघत होती. तारानं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे ढकललं.

"हिचं."

"नक्की?"

"नक्की. मी तिथंच होते ना!"

बाकीच्या तिघींनीही माना हलवल्या. बायजा एक शब्द बोलली नाही. तिची आई शेतात होती. नानाला म्हटलं, निरोप सांग. बायजाला मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. सुरतेत पोचेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

दवाखान्यातल्या मशीनवर तिचं रक्त चारच्याही खाली आलं. तिथला डॉक्टर हंसाबेनना म्हणाला, "आणखी आठवडा थांबला असतात तर खाट लागली नसती." हंसाबेन मटकन बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "सापडली, सुधाबेन. वेळेवर सापडली." आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून बसलो. एवढा मोठा गोंधळ घालूनसुद्धा बरोबर तीच मुलगी हातात आली, याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

दोन बाटल्या गेल्या. तिसऱ्या दिवशी बायजा उठून बसली. मी घरून डाळ-भात नेला होता. आधी तिनं विचारलं, बाकीचे जेवले का. मग खाल्लं, चांगलं ताटभर. सोनवणे तिच्याशी अहिराणीत गप्पा मारत होते. तिच्या गालावर रंग आला होता म्हणून हंसाबेनही जरा मोकळ्या झाल्या होत्या.

मी सहज चेष्टा केली. "पहिल्या दिवशी आमचे सोनवणे बोट टोचत होते, तेव्हा तू हात कसा मागे घेतलास, आठवतंय?"

बायजा सोनवण्यांकडे बघायला लागली.

"माझं कधी टोचलंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही यायचा त्या दिवशी माझा नंबरच नसायचा. पहिल्या दिवशी तारा होती."

नर्स बाटलीचा स्टँड ढकलत गेली.

"मग ताराने तुझं नाव का सांगितलं?" सोनवण्यांनी विचारलं.

बायजानं ताटातलं शेवटचं शीत उचललं. "एकच नेणार म्हणे ना तुम्ही. ती बोलली, मी आजून मोळी उचलस. तू जाय."

हंसाबेन उठल्या. पर्ससुद्धा घेतली नाही. मी आणि सोनवणे मागोमाग धावलो. खाली कनुभाई जीपमध्ये डबा उघडून जेवायला बसले होते. हंसाबेननी त्यांच्या डब्यावर झाकण लावलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.